टेलिफोनवरची खिरापत

अकोल्याहून अमरावतीला सामान हलवताना अनुपमाने टेलिफोन ट्रकमध्ये जाऊ दिला नाही. फिकट हिरव्या रंगाचा, बटणांचा, वजनदार जुना टेलिफोन. त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळून तिने तो टॉवेलात बांधला आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा मी म्हणालो, "जरा वेळ माझ्याकडे दे."

"तुमी पाडसान," ती म्हणाली.

मी पाडला असता, हेही खरेच.

नव्या फ्लॅटमध्ये आमची मुलगी चारुता आधीच येऊन थांबली होती. तिचे घर पलीकडच्याच गल्लीत. तिच्याच आग्रहावरून आम्ही अकोला सोडले. आईच्या मांडीवरचे गाठोडे पाहून ती हसली. "आई, आता घरी फोन कोण ठेवतं गं? मोबाइल आहे ना."

अनुपमाने तिच्याकडे पाहिले. ऐकू आले नव्हते, की ऐकू येऊनही उत्तर द्यायचे नव्हते, हे मला आता ओळखता येत नाही. तिचा डावा कान कधीचाच गेला. उजवा यंत्रावर चालतो, आणि तोही दरवर्षी थोडा थोडा मागे सरतो. तिच्या यंत्राला एक लहानशी कळ आहे. ती दाबली की बाहेरचे सगळे आवाज बंद होतात आणि जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला आवाज तेवढा सरळ कानात येतो, स्वच्छ, कोणी शेजारी बसून बोलावे तसा. मोबाइलवर ते जमत नाही. मोबाइलवर तिला माणसे पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात.

आणि तिला बोलायचे असते ते शालूशी.

शालू आणि ती दोघी अंजनगाव सुर्जीच्या, एकाच अंगणात भुलाबाई खेळलेल्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. ज्या घरी गाणी, त्या घरची बाई डबा झाकून आणते, पोरींच्या कानाशी खुळखुळ वाजवते, आणि आत काय आहे ते पोरींनी आवाजावरून सांगायचे. गोड की तिखट एवढे विचारायची मुभा. अंदाज तीनच. चुकले तर घर जिंकले, बरोबर आले तर पोरी जिंकल्या. खायला मात्र दोन्ही वेळा मिळते.

पुढे दोघी लग्न होऊन अकोल्यात आल्या. अनुपमा जठारपेठेत, शालू जुन्या शहरात. मुली मोठ्या झाल्या, शालूचे गुडघे गेले, येणेजाणे थांबले. पण दोन्ही घरी टेलिफोन होता. मग त्या दोघींनी खेळ टेलिफोनवर नेला. एक संध्याकाळ हिचा डबा, एक संध्याकाळ तिचा. रिसीव्हरजवळ डबा हलवायचा आणि पलीकडच्या बाईने ओळखायचे. दोघी आज्या झाल्या तरी हे चालू होते. मी एकदा मध्ये तोंड घातले होते आणि शेवयांना तांदूळ म्हणालो होतो. त्यानंतर मला कोणी विचारले नाही.

मला वाटायचे, हा पोरखेळ आहे. आता वाटते, एवढ्या बारीक कानाने मी आयुष्यात एखादे पुस्तक तरी वाचले असेल का. भाजलेली डाळ आणि न भाजलेली डाळ यांतला फरक अनुपमा तारेवरून सांगायची. कान अधू झाल्यावरसुद्धा.

नव्या घरी आलो तेव्हा भुलाबाईचे दिवस लागून गेले होते. चारुताने पहिल्याच संध्याकाळी मोबाइल लावून दिला. पलीकडे शालूने डबा हलवला. मी कान लावला तर नुसते फुस्स फुस्स ऐकू येत होते. मोबाइलला खुळखुळ म्हणजे बाहेरची गडबड वाटत असावी, तो ती गाळूनच टाकत होता.

"मग व्हिडिओ कॉल करू," चारुता म्हणाली.

"व्हिडिओत डबा दिसंल," अनुपमा म्हणाली. "मग ओळखाचं काय? माह्या कपाळाचं?"

तेव्हापासून शालूचा निरोप चारुता मोबाइलवर ऐकायची आणि आईला मोठ्याने सांगायची. शालूमावशीचा गुडघा सुजला आहे. शालूमावशीच्या शेजारच्या गवळ्याची म्हैस व्यायला झाली आहे, रात्रभर हंबरते, मावशीला झोप नाही. अनुपमा मान हलवायची. असे दुसऱ्याच्या तोंडून आलेले शालूचे बोलणे तिला बातम्यांसारखे वाटत असावे. हळूहळू ती विचारेनाशी झाली. मग बोलेनाशी झाली. दिवसभर बाल्कनीत बसून राहायची. त्या बसण्याची मला भीती वाटू लागली.

टेलिफोनच्या ऑफिसात मी चारुताबरोबर जाऊन आलो. बोलली तीच. आता तांब्याची तार मिळत नाही, नवी केबल येईल, पण तिच्या डबीला तुमचा जुना टेलिफोन जोडता येईल, असे काउंटरवरच्या बाईंनी सांगितले. लाइनमन म्हणून शालिकराम नावाचे गृहस्थ येऊन पाहून गेले. त्यांनी जिन्यातल्या वायरींच्या नळीत बोट घालून पाहिले आणि मान हलवली.

"काका, ही नळी गच्च भरली आहे. यातून काही जात नाही. मागच्या भिंतीवरून तार घ्या लागंल. सोसायटीची परवानगी काढा अन् मले फोन करा. अर्ध्या तासाचं काम आहे."

परवानगी म्हणजे नागसेन तायडे. ते पहिल्या मजल्यावर राहतात, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेत आणि सोसायटीचे सचिव आहेत. इमारतीला नुकताच रंग दिला होता. लिफ्टशेजारी त्यांच्या सहीची पाटी होती: बाहेरच्या भिंतीवर वायर, कुंडी, कपडे यांना सक्त मनाई.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. माणसांना पुस्तके देणे आणि पुस्तके परत आली की जागेवर ठेवणे, एवढेच मला जमते. कोणाकडे काही मागणे मला कधी जमले नाही. तायड्यांकडे जाण्याआधी मी वाक्य तयार केले, जिन्यात ते दोनदा म्हणून पाहिले आणि घंटी वाजवली.

"या सर, या!" दार त्यांनीच उघडले. "ग्रंथपाल होते म्हणे तुम्ही. मी वाटच पाहत होतो."

त्यांनी मला त्यांची पुस्तके दाखवली. भिंतभर कपाट होते. विषयवार लावलेले, प्रत्येकाला कव्हर. त्यांच्या सुनेने, रश्मीने, चहा आणला. कसर लागू नये म्हणून कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवावा की डांबराच्या गोळ्या, यावर आम्ही पुष्कळ बोललो. वाक्य माझ्या जिभेवर होते. पण इतक्या चांगल्या माणसाला त्याचाच नियम मोडायला सांगायचे? मी चहाचा कप ठेवला आणि उठलो.

"काय म्हनाले?" अनुपमाने विचारले.

"पुस्तकं चांगली आहेत त्यांच्याकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

पुन्हा एकदा गेलो तर आतून ताटांचा आवाज आला. जेवणाच्या वेळी कसे विचारायचे म्हणून दारातूनच परतलो. तिसऱ्यांदा ते जिन्यातच भेटले आणि त्यांनी मला वाचायला एक पुस्तक दिले. मी ते घेऊन वर आलो.

कोजागिरी जवळ आली. एका सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत गेलो तेव्हा अनुपमा यंत्र काढून हातात धरून बसली होती. मला पाहून तिने ते कानात घातले.

"डॉक्टर काय म्हनाले होते निघताना, आठवते काय?"

आठवत होते. हा कान आणखी किती दिवस साथ देईल सांगता येत नाही, असे ते म्हणाले होते. मला वाटले होते की तिला ते ऐकू आले नसावे.

"यंदा कोजागिरीले शालूचा डबा ओळखता आला तर ठीक," ती म्हणाली. "नाई तर पुढच्या वर्षी मी तिले सांगीन, बाई, डबा हलवू नको आता. उगीच एकटीनं कायले हलवाचा. म्हनून यंदा मले तो फोन पाह्यजे. समजलं काय? हौस म्हनून नाई."

मी हो म्हणालो आणि माझे तीन हेलपाटे तिला सांगितले. ताटांचा आवाज, जिन्यातले पुस्तक, सगळे. ती हसायला लागली. पुष्कळ दिवसांनी हसली.

"काहून अशे आहात हो तुमी? चला."

तिने स्वयंपाकघरातून पितळी डबा घेतला. आत काहीतरी टाकले, झाकण घट्ट लावले, पदर खोचला आणि जिना उतरली. मी मागून गेलो. लिफ्ट घ्यायचेसुद्धा सुचले नाही.

तायड्यांनी दार उघडले. अनुपमाने नमस्कार केला आणि दारातच सांगून टाकले, "भाऊ, मले टेलिफोन पाह्यजे. तार मांगच्या भिंतीवरून येते. तुमची परवानगी पाह्यजे."

माझे वाक्य याच्या चौपट लांब होते.

तायडे गंभीर झाले. "वहिनी, आत या, बसा. तुमची अडचण मी समजतो. पण असं आहे की सर्वसाधारण सभेत ठराव झालेला आहे. एक वायर आली की मागून दहा येतात. तिसऱ्या मजल्यावरच्यांना कुंडीसाठी नाही म्हटलं मी…"

अनुपमाने शांतपणे हात वर नेला आणि कानातल्या यंत्राची कळ दाबली. तायड्यांच्या ते लक्षात आले. ते थांबले, मग पुन्हा सुरू झाले, मग पुन्हा थांबले. रश्मी आतल्या दारात पदराने तोंड झाकून उभी होती. तायडे पुरते गप्प झाल्यावर अनुपमाने कळ पुन्हा दाबली.

"झालं?" ती म्हणाली. "आता माह्यं ऐका. तुमचा ठराव मले मान्य आहे. फुकट नाई मागत. या डब्यात खिरापत आहे. तीन अंदाज. ओळखली तर मी घरी जाते, पुन्हा नाव काढत नाई. नाई ओळखली तर तार येते."

आणि तिने त्यांच्या कानाशी डबा हलवला.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तायडे मान तिरपी करून ऐकत होते.

"पुन्हा हलवा," ते म्हणाले.

तिने हलवला.

"आमच्या घरी हे नव्हतं," तायडे म्हणाले. "पण गावी, हिवरखेडला, शाळेतून येताना आवाज यायचा डब्यांचा. मी रस्त्यावर उभा राहून मनातल्या मनात ओळखत होतो. कोणाले सांगता थोडंच येत होतं." मग एकदम अधिकाऱ्याच्या आवाजात: "शेंगदाणे."

"नाई."

"बाबा, शेंगदाणे हलके वाजतात," रश्मी आतून म्हणाली. "बदाम आहेत."

"तू मधात बोलू नको, माझा एक अंदाज जाईल."

"गेला," अनुपमा म्हणाली. "बदाम नाई. घरातलं मानूस बोललं तर ते धरल्या जाते. एक राह्यला."

तायड्यांनी सुनेकडे पाहिले, ती हसत आत पळाली. त्यांनी डबा स्वतःच्या हातात मागितला, अनुपमाने दिला नाही. गोड की तिखट ते विचारले. "खरं सांगतलं तर गोडही नाई, तिखटही नाई," ती म्हणाली. ते पुष्कळ वेळ विचार करत उभे राहिले. परवानगीचा विषय ते विसरूनच गेले असावेत. त्यांना फक्त ओळखायचे होते.

"काजू," शेवटी ते म्हणाले.

अनुपमाने झाकण काढले. आत गोडंबी होती. बिब्ब्याच्या बियांतला गर, आमच्याकडे हिवाळ्यात लाडवांत घालतात तो.

"हात्तिच्या!" तायड्यांनी कपाळावर हात मारला. "गोडंबी! बिब्ब्यांच्या जंगलात, मेळघाटात, अर्धी नोकरी काढली मी!" एक उचलून तोंडात टाकली, चावली, आणि मग हळूच म्हणाले, "पांढरी तार घ्यायला सांगा. सांडपाण्याच्या पाइपाच्या मागून. आणि कुंडीवाल्यांना सांगू नका."

"कुंडीवालीनं येऊन डबा हलवाचा," अनुपमा म्हणाली.

जिना चढताना मी तिला विचारले, "त्यांनी ओळखली असती तर?"

"म्हनून तर रश्मीले बोलाले सांगून ठेवलं होतं मी," ती म्हणाली. "काल लिफ्टमध्ये भेटली होती. तिलेच म्हटलं, तुह्या सासऱ्याले काय आवडते? म्हनाली, हरनं सोडून सगळं. मग म्हटलं, तुले जिथं वाटंल तिथं तू एकदा बोल, त्याईचा एक अंदाज वाया जाईल."

मी कठड्याला धरून थांबलो. माझ्या तीन हेलपाट्यांत जे सुचले नाही, ते हिने लिफ्टच्या एका फेरीत केले होते.

कोजागिरीच्या दुपारी शालिकराम आले. पाइपामागून पांढरी तार चढली, खिडकीच्या चौकटीतून आत आली, भिंतीवर डबी बसली. त्यांच्याजवळ एक नवा प्लास्टिकचा टेलिफोनही होता. तो त्यांनी लावला. अनुपमाने यंत्राची कळ दाबून रिसीव्हर कानाला लावला आणि परत ठेवला.

"यात काई नाई."

"टोन तर आहे, आजी," त्यांनी स्वतः ऐकून सांगितले.

"तुमाले आहे. मले नाई." तिने टॉवेल सोडला आणि हिरवा टेलिफोन पुढे केला. "हा लावा."

"हा तर संग्रहालयात द्या लागते."

"देऊ. आधी मले वापरू द्या."

तो लावला. अनुपमाने रिसीव्हर उचलला. ती तो सरळ, एकसुरी टोन असा ऐकत राहिली की शालिकराम आणि मी दोघेही बोलायचे थांबलो.

दिवेलागणीला चारुता दुधाचे पातेले घेऊन आली. तायडे तार नीट बसली की नाही हे पाहायला म्हणून आले आणि खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत. अनुपमाने नंबर दाबला.

"शालू! हो, मीच. हाव वं, माह्याच फोनवरून. आता कशी आलीस बाई कानात!"

पुढचे बराच वेळ आम्हाला फक्त एका बाजूचे ऐकू येत होते. गुडघा, सून, कोणाचे तरी लग्न. मग अनुपमा सरळ होऊन बसली. "हलव," ती म्हणाली.

तिने डोळे मिटले. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"पुन्हा हलव. … जोरात हलव."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो हळूहळू उतरत गेला. शालूचे बोलणे तिला नीट ऐकू येत होते, डबा येत नव्हता. बारीक आवाज आधी जातात, असे डॉक्टर म्हणाले होते. चारुताने माझा हात धरला. मला वाटले, उठावे, रिसीव्हर घ्यावा, स्वतः ऐकावे, आणि ऐकू आले तरी नाही म्हणावे. पण मला खोटे बोलतानाही अडखळायला होते, ती लगेच ओळखेल, असे म्हणत मी बसूनच राहिलो.

अनुपमाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने रिसीव्हर कानावर आणखी घट्ट धरला.

"शालू, डबा हलवू नको. खाली ठेव. आता वरून, झाकनाच्या जवळ, बोटानं टिचकी मार."

तिची भुवई वर गेली.

"हाव. आली. आता बुडाले मार. … आता पुन्हा वर. … आता बुडाले."

ती हसायला लागली होती. आम्हाला काही कळत नव्हते.

"माहा कान ठीक आहे वं," ती फोनमध्ये म्हणाली. "तुहा डबाच मुका आहे! वरून ठण वाजते, खालून भद्द वाजते. अर्ध्या डब्यात थिजून बसलं आहे काईतरी. हलवलं तरी हालत नाई." ती थांबली. "गोड?" पलीकडून उत्तर आले असावे. "तुह्या शेजारच्या गवळ्याची म्हैस व्याली ना शेवटी? तीच. खरवस!"

रिसीव्हरमधून शालूचे ओरडणे आमच्यापर्यंत आले. चारुताने टाळ्या वाजवल्या. तायडे उभे राहिलेले पाहून अनुपमाने यंत्राची कळ दाबली. "टिचकी मारून!" ते म्हणत होते. "धरणाची भिंत आम्ही अशी तपासायचो, हातोडीनं. अन् मला त्या दिवशी टिचकी मारू दिली नाही!"

"मांगितलीच नाई तुमी," अनुपमा म्हणाली आणि कळ पुन्हा दाबून फोनकडे वळली. "ऐक शालू. पुढच्या वर्षी याच्याहून कठीण कर. हे तर सोपं होतं."

मी चष्मा काढून पुसत होतो. तिने पितळी डबा माझ्यासमोर धरला. "आता आपली पाळी. मी फोन धरते, तुमी हलवा."

"मी?"

"हात दोनच आहेत मले."

मी डबा घेतला आणि रिसीव्हरजवळ हलवला. झाकण उडेल की काय म्हणून ते अंगठ्याने दाबून धरले होते. अनुपमा पलीकडचे ऐकत होती. एकाएकी ती इतकी हसली की तिला रिसीव्हर छातीशी धरावा लागला.

"काय म्हणते?" मी हाताने खूण करत विचारले. "ओळखलं का?"

"खिरापत नाई ओळखली अजून," ती म्हणाली. "म्हनते, डब्यात काय आहे ते मागून सांगते, पन हलवनारे भाऊजी आहेत. भेत भेत हलवून राह्यले."